काटकसर आणि वर्षाचा संकल्प
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संस्थेच्या कार्यकारी मंडळाने आम्हां उभयतांस 'साधी राहणी आणि काटकसर' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. वाचून दाखविण्याचे काम आमच्यापैकी एकाकडे आले असले, तरी मजकूर दोघांचा आहे, हे प्रथम सांगतो. विषय जुना आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो वाचताच पुढील रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींनी समाधानाने मान डोलावली असेल, आणि मागील रांगेतील तरुणांनी चहाची वेळ केव्हा आहे ते पाहून घेतले असेल. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. म्हणून आम्ही मंडळाची क्षमा मागून या विषयाला एक जोड दिली आहे, ती म्हणजे 'वर्षाचा संकल्प'. आमच्या मते या दोन गोष्टी एकमेकींवाचून उभ्या राहत नाहीत. ज्या घरात संकल्प नाही, तेथील काटकसर चार महिन्यांत गळून पडते, नाही तर तिचा कंजूषपणा होतो. आणि ज्या घरात काटकसर नाही, तेथील संकल्प पाडव्याच्या गुढीबरोबरच सायंकाळी उतरविला जातो.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीस काटकसर कोणी शिकवावी लागली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि शिधापत्रिका ही देव्हाऱ्यातील पोथीइतकीच जपून ठेवण्याची वस्तू झाली. थोरल्याचा सदरा धाकट्यास आणि धाकट्याचा फाटल्यावर त्याचे पायपुसणे, जुन्या लुगड्यांची गोधडी, पाठकोऱ्या कागदांची वही, हे सर्व आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे, काहींनी भोगलेही आहे. त्या दिवसांचे आपण आज कौतुक करतो तेव्हा एक गोष्ट मात्र नजरेआड होते. त्या घरांना हेतू होता. तो कोणी वहीत लिहून ठेवीत नसे, एवढेच. थोरल्याची मॅट्रिक, मधलीचे लग्न, गावाकडील घराची कौले, सावकाराकडे पडलेले शेत सोडविणे, असे काही ना काही प्रत्येक घरापुढे उभे असे, आणि चहात साखर कमी का, हे मुलांना विचारावे लागत नसे.

सार्वजनिक जीवनातही हेच दिसते. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंडा'ची कल्पना काढली. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, इतकी ती साधी होती. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव येथे त्याच निधीतून काचेचा कारखाना निघाला. एक पैसा वाचविणे म्हणजे काही मोठा त्याग नव्हे. परंतु तो पैसा कोठे जाणार हे देणाऱ्यास ठाऊक होते, म्हणून तो दिला गेला. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची हाक दिली, तेव्हा घराघरांतून सोमवारची रात्र चुलीविना गेली. अन्नटंचाई डोळ्यांपुढे होती, त्यामुळे त्या हाकेचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. आणि गाडगेबाबा? १९५६ साली ते गेले, तोपर्यंत गावोगावच्या कीर्तनांतून ते हेच सांगत राहिले, की ऋण काढून सण करू नका, वेळ पडली तर घरातील भांडी मोडा, पण मुलांना शाळेत घाला. बाबांनी नुसते 'खर्च करू नका' असे सांगून कधी सोडले नाही. वाचलेला पैसा कोठे न्यावयाचा, हे त्यांच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात नेहमी असे. आपण काटकसरीची व्याख्याने देतो तेव्हा तो दुसरा अर्धा भाग विसरतो.

आजची स्थिती निराळी आहे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांतून दोन पगार येतात. शिधापत्रिकेवर ज्यांचे घर चालते असे कुटुंब आपल्यात थोडे. टंचाई नाही, म्हणून टंचाईने लावलेली शिस्तही नाही. आणि खर्च करणे पूर्वी कधी नव्हते इतके सोपे झाले आहे. २०१६ साली युपीआयची सोय झाली. सोय उत्तम आहे, आम्हीही ती वापरतो. परंतु पाकिटातून शंभराची नोट निघताना मनास जी बारीकशी कळ येत असे, ती आता येत नाही. दहा मिनिटांत घरपोच सामान मिळू लागल्यामुळे यादी करण्याची सवय गेली, आणि यादी गेली की कोथिंबिरीबरोबर चार अनावश्यक वस्तू घरात येतात. वस्तू हप्त्याने घेण्याचेही तसेच. 'शून्य टक्के व्याज' ही जाहिरात आपण रोज वाचतो. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वात नाही. ते व्याज प्रक्रिया-शुल्काच्या किंवा अन्य कशाच्या तरी पोटात दडविलेले असते. कार्डावरील थकबाकीस महिना तीन टक्के व्याज म्हटले, की ते किरकोळ वाटते. चक्रवाढीने त्याचे वर्षाचे बेचाळीस टक्क्यांहून अधिक होतात. पूर्वीचा सावकार हा हिशेब तोंडावर तरी सांगत असे.

आता आम्ही आमच्या घरी काय करतो ते सांगतो. ही पद्धत फार थोर आहे असे नव्हे. पण चार वर्षे ती टिकली आहे, म्हणून सांगण्याजोगी वाटते.

आपल्याकडे नववर्षे पुष्कळ. व्यापारी घरांतून दिवाळीत वहीपूजन होते, सरकारचे वर्ष ३१ मार्चला संपते, मुलांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि सरकारी वर्षाच्या अखेरीजवळ पडतो, म्हणून आम्ही पाडव्याच्या आधीचा रविवार धरला. त्या दिवशी दुपारी जेवणे आटोपल्यावर घरातील सर्व माणसे एकत्र बसतात. प्रत्येकाने येत्या वर्षासाठी आपला एक, आणि एकच, संकल्प सांगावयाचा. तो असा असावा, की वर्षाअखेरीस तो झाला की नाही हे घरातील कोणासही सांगता यावे. 'प्रकृतीकडे लक्ष देईन' हा संकल्प नव्हे. 'रोज स्टेशनपर्यंत रिक्षा न करता चालत जाईन' हा संकल्प होय. मग प्रत्येक संकल्पाची किंमत मांडावयाची, रुपयांतही आणि तासांतही. ही दुसरी किंमत कोणी मांडीत नाही, आणि संकल्प मोडतात ते बहुतेक तिच्यापायी.

पहिल्या वर्षी आमच्यापैकी एकाने वर सांगितलेला चालण्याचा संकल्प केला. त्याची किंमत उणे होती, म्हणजे रिक्षाचे पैसे उलट वाचले. आमच्यापैकी एकीने मोडी लिपी शिकण्याचा संकल्प केला. माळ्यावरील ट्रंकेत पणजोबांच्या काळचे कागद पडून होते आणि घरात कोणास ते वाचता येत नव्हते. कन्येने एका स्पर्धापरीक्षेचा अभ्यास धरला. चिरंजीवांनी तबला घेतला. घरातील वडील मातोश्रींची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला आता कसला संकल्प? तुमचे झाले म्हणजे माझे झाले."

हे वाक्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यावर आम्ही पुढे बोलणार आहोतच. तूर्त इतकेच, की आम्ही ते मान्य केले नाही. दोनदा नाही म्हणून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला माझ्या पेन्शनचे पैसे कोणाला न सांगता काढता आले पाहिजेत." त्यांचे वय तेव्हा ७४ होते. या संकल्पास पैसा लागला नाही. लागले ते नातीचे शनिवारचे अर्धे-अर्धे तास. भाद्रपदात एके दिवशी त्या एकट्याच जाऊन यंत्रातून पाचशेची नोट घेऊन आल्या. ती नोट त्यांनी अद्याप मोडलेली नाही. देव्हाऱ्याखालील डब्यात आहे.

संकल्पांचा खर्च ठरला, की मग काटकसर आपोआप सुचू लागते. पैसा कोठे सापडतो याविषयी आमचे काही अनुभव सांगतो. वाण्याकडील सामानाची यादी आता महिन्यातून एकदा आणि भाजीची आठवड्यातून एकदा होते. यादी करण्यापूर्वी डबे उघडून पाहण्याचा नियम आहे. हा नियम हास्यास्पद वाटेल, परंतु फडताळाच्या मागील रांगेत हरभऱ्याच्या डाळीची तीन पुडकी एका वेळी सापडली आहेत. अन्न टाकावे लागले, की ते काय व किती, हे स्वयंपाकघरातील भिंतीवरील कॅलेंडरवर लिहावयाचे. त्यासाठी कोणास रागवायचे नाही. लिहिले जाते एवढ्यानेच पुढील आठवड्यात कणीक कमी भिजते. उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी आणि भाताचा फोडणीचा भात हे आपल्याकडील जुनेच शहाणपण. ते न्याहारीस पुन्हा आणले, आणि मुलांना ते बाहेरच्या खाण्यापेक्षा आवडते, असे आढळले.

विजेविषयी लोकांचा एक गैरसमज असतो. खोलीतून जाताना दिवा बंद करा, असे आपण मुलांस शंभरदा सांगतो. तो करावाच. परंतु २,००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला, की एक युनिट जळते; तेवढ्याच विजेत ९ वॅटचा एलईडी दिवा १११ तास चालतो. म्हणजे दिव्यावरून मुलांस बोल लावणाऱ्या वडिलांनी आधी आपली अंघोळ पाहावी. शिवाय महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटे कमी दराची असतात आणि १०१ ते ३०० यांचा दर त्याहून बराच चढा असतो. त्यामुळे जी शेवटची युनिटे आपण वाचवितो, ती सर्वांत महाग असतात. बिलाच्या सरासरीवरून बचतीचा अंदाज बांधणाऱ्यास हे कळत नाही.

बचत करावयाची ती महिन्याच्या आरंभी, शिल्लक राहील त्यातून नव्हे, हे तत्त्व सर्वांस ठाऊक आहे, पाळणारे थोडे. एका उदाहरणाने सांगतो. दरमहा २,००० रुपये, म्हणजे वर्षास २४,०००, बाजूला टाकले आणि त्यावर वर्षाला सात टक्के व्याज धरले, तर पंधरा वर्षांत भरलेले ३,६०,००० रुपये सहा लाखांच्या पुढे जातात. १९६८ सालची सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची योजना पंधरा वर्षांच्याच मुदतीची आहे, आणि दहा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ सालापासून सुकन्या समृद्धी खाते आहे. यांत चमत्कार काही नाही. भगिनींच्या भिशीस आमचा विरोध नाही. ओळखीच्या दहा-बाराजणींची, दरमहा सर्वांसमक्ष पैसे मोजून देणारी भिशी ही चांगली शिस्त आहे. जी भिशी दामदुप्पट देऊ म्हणते, तिच्यापासून मात्र चार हात दूर राहावे.

येथवरचे ऐकून कोणी म्हणेल, की हे सर्व ठीक आहे, घरोघरच्या गृहिणी हेच तर करीत आल्या आहेत. होय, आणि आज आम्हांस जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते याच ठिकाणी आहे.

आपल्या घरांतून काटकसरीचा भार आजवर कोणी वाहिला? जुन्या घरांतून एक सुंदर चाल होती. तांदूळ रोवळीत घेताना त्यातील एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकावयाची. मूठ चाळीस ग्रॅमची धरली आणि दिवसातून दोन वेळा टाकली, तर वर्षास २९ किलो तांदूळ होतात. त्या धान्यावर विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली आहेत, अडलेल्या शेजाऱ्याचे घर सावरले आहे. परंतु ती मूठ कोणाच्या पानातून कमी होत असे? सर्वांची जेवणे झाल्यावर जी शेवटी बसे, तिच्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरील दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक व्हावे, हे योग्यच. पण त्यागाची अशी उदाहरणे सांगून झाल्यावर आपण घरी जातो आणि आपल्या घरातील स्त्रीने शिवणाचा, गाण्याचा, गाडी चालविण्याचा वर्ग सोडून दिला, तर त्यासही त्याग म्हणून मोकळे होतो. रयत शिक्षण संस्थेचा विद्यार्थी आणि आपल्या घरातील तिसरा दूरदर्शन संच यांत काही अंतर आहे, हे लक्षात घेत नाही.

घरात खर्च कमी करावयाचा ठरला, की पहिली कात्री कोणाच्या इच्छेस लागते, हे प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावे. "तुमचे झाले म्हणजे माझे झाले" हे वाक्य पुरुषाच्या तोंडून आम्ही क्वचितच ऐकले आहे.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण आम्हांस या बाबतीत अधिक उपयोगी वाटते. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्या न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांस अक्षरओळख नव्हती. पतीने शिकविण्यास आरंभ केला आणि घरातील इतर स्त्रियांनी त्यास विरोध केला. त्या काळातील छळ त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, ते या शिक्षणाच्या पायावर. त्या घरात पैशाची अडचण नव्हती. अडचण होती ती तिच्या नावाने रोज बाजूला ठेवलेल्या वेळेची. तो वेळ निश्चयाने राखला गेला, म्हणून ते घडले.

आमच्या घरी मोडीच्या संकल्पाची रुपयांतील किंमत किरकोळ होती. तासांतील किंमत आठवड्यास पाच तास निघाली. हे पाच तास आणावयाचे कोठून? येथे साधी राहणी कामास आली. साधेपणाने पैसा वाचतो हे सर्वांस ठाऊक आहे. त्याहून जास्त वेळ वाचतो, आणि तो बहुतांशी स्त्रीचा असतो. रात्रीच्या जेवणात दोन भाज्या, कोशिंबीर, आमटी, पोळी आणि भात अशी मांडामांड होती, ती चार दिवस खिचडी-कढी किंवा पिठले-भाकरी इतकी केली. दिवाळीच्या फराळाचे नऊ पदार्थ होते ते चार झाले. चकली राहिली, अनारसे गेले, आणि मातोश्रींच्या हट्टाने करंजी राहिली. शोभेच्या कपाटातील काचसामान, जे दर महिन्यास उतरवून पुसावे लागे, ते नातेवाइकांच्या एका नव्या संसारास दिले. बुधवार आणि शनिवार रात्रीचा स्वयंपाक पुरुष मंडळींकडे आला. आरंभी त्या दिवशी भात करपत असे व वरणास मीठ जास्त होत असे. आता होत नाही. दुसऱ्या पाडव्याच्या सुमारास ट्रंकेतील पहिला कागद वाचून झाला. तो गुरांच्या खरेदीची पावती निघाला. घरातील इतरांची थोडी निराशा झाली, वाचणारीची झाली नाही.

सर्वच संकल्प पार पडतात असे समजू नये. चिरंजीवांचा तबला दसऱ्यास थांबला. दसऱ्याच्या दिवशी आम्ही पुन्हा बसतो आणि ज्यास संकल्प सोडावयाचा असेल त्यास तो कारण न देता सोडता येतो. त्याचे उरलेले पैसे कन्येच्या पुस्तकांकडे वळले. जो संकल्प सोडण्याची मोकळीक नाही, तो माणसे खोटे बोलून चालू ठेवतात, असा आमचा समज आहे.

आता एक अप्रिय विषय. आमच्यापैकी एकाकडे गेली काही वर्षे संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीचे काम आहे. दर पावसाळ्यात अर्ज येतात. कोणास परीक्षा-शुल्क हवे असते, कोणास वसतिगृहाचे चार महिने, कोणास एखादे उपकरण. निधी पुरत नाही, म्हणून काही अर्ज बाजूला ठेवावे लागतात. ते वाचलेला मनुष्य मार्गशीर्षात ज्ञातीतील लग्नांस जातो तेव्हा त्यास अन्न गोड लागत नाही. हळद, मेंदी, संगीत, साखरपुडा, लग्न, स्वागतसमारंभ असे चार-चार दिवस चालतात. यांतील निम्मे समारंभ आपल्या आजीच्या लग्नात नव्हतेच. यजमान कर्ज काढतो, पाहुणा रजा काढतो, आणि अर्धे ताट खरकट्यात जाते. १८७३ साली महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन करून अत्यंत थोड्या खर्चात लग्ने लावून दाखविली. १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्याने तर वधू, वर आणि तीन साक्षीदार इतक्यांतच विवाह होऊ शकतो. तितके साधेपण सर्वांस रुचेल असा आमचा आग्रह नाही. पूर्वी साखरपुड्यातच लग्न उरकून घेत, तितके जरी पुन्हा रूढ झाले तरी पुष्कळ झाले. पण लग्नाच्या खर्चाचाही हेतू विचारला गेला पाहिजे. वधूवरांच्या पहिल्या वर्षाचा संकल्प काय, तिचे राहिलेले शिक्षण आहे काय, त्याचे कर्ज आहे काय, आणि समारंभातील कोणता एक दिवस गाळला असता ते फिटेल, हे दोन्ही व्याह्यांनी एकदा बसून मोजावे. बोलणी करताना मानपानाचा हिशेब तपशिलाने होतो; हाही होऊ शकेल.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे. आपल्याच ज्ञातीत अशी घरे आहेत, की जेथे कमावते माणूस आजारी आहे, अथवा नोकरी गेली आहे, अथवा विधवा भगिनी दोन मुलांसह राहते आहे. त्यांस काटकसरीचा उपदेश करणे ही क्रूरता होय. तेथे कमी करण्याजोगे काही उरलेले नसते. आमचे आजचे सर्व बोलणे ज्यांच्या घरी शिल्लक पडू शकते पण पडत नाही, त्यांच्यासाठी आहे. त्या अडचणीतील घरांतूनही संकल्प असतात, पुष्कळदा आपल्याहून थोर असतात. त्यांची किंमत मात्र इतरांनी उचलावयाची असते. आमच्या घरी पाडव्याच्या यादीत शेवटची ओळ आता अशा एका बाहेरच्या संकल्पासाठी ठेवलेली असते. त्या विद्यार्थ्याचे नाव आम्ही विचारीत नाही. समितीही सांगत नाही.

मंडळाच्या अनुमतीने एक लहानसा प्रयोग आज येथेच करावयाचा आहे. सभागृहाच्या दाराशी मेजावर कोरे कागद आणि पाकिटे ठेवली आहेत. प्रत्येक कुटुंबाने एक कागद घ्यावा. त्यावर घरातील प्रत्येकाचा एकेक संकल्प, त्याची रुपयांतील व तासांतील किंमत, आणि ती कोठून काढणार हे लिहावे. घरातील सर्वांत वडील स्त्रीचा संकल्प पहिल्या ओळीत लिहावा, आणि तो तिलाच विचारून लिहावा. पाकीट बंद करून वर फक्त कुटुंबाचे नाव घालावे. पाकिटे कोणी उघडणार नाही. ती संस्थेच्या कार्यालयातील कपाटात राहतील आणि पुढील संमेलनात ज्याची त्यास परत मिळतील. ज्यांस आज सुचणार नाही त्यांनी पाडव्यापर्यंत कार्यालयात आणून द्यावीत. पेने मेजावर आहेत. काम झाल्यावर ती तेथेच ठेवावीत, ही विनंती. चहा त्याच बाजूस आहे.